अक्कालुकच्या आईची परवानगी

उमानाक, १२ मार्च १९८९

प्रिय आजी,

मुलगी होऊन महिना उलटला आणि तू अजून तिला बघायला आली नाहीस. याबद्दल घरात कुणी रागावलेलं नाही, असं लिहायला आईनं सांगितलं आहे, म्हणून लिहिलं. मी रागावले आहे.

पोरगी रडते. भुकेनं रडतात तसं नाही. दूध पिते, मध्येच थांबते, माझ्या तोंडाकडं बघते आणि सुरू होते. दवाखान्यातली नर्स म्हणाली की पोटात वारा धरत असेल. आईनं तिच्यासमोर मान डोलावली आणि घरी येऊन पोरीला माझ्या हातात देत म्हणाली, की वारा बिरा काही नाही, नाव मागते आहे. आपल्या गावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कोणतं नाव मागते आहे, तेही सगळ्यांना माहीत आहे. दुकानात गेले तर बायका पोरीकडं बघतात, मग माझ्याकडं बघतात आणि पिठाचा भाव विचारतात.

मी आईला म्हटलं, तू बाबांची बायको आहेस, तूच ठेव. तर म्हणाली, "बायको आहे, आई नाही. आईला विचारल्याशिवाय मुलाचं नाव कसं उचलायचं? सासूबाईंना लिही."

तर सासूबाई, लिहिते आहे. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या बहिणीला जन्मभर आजी म्हणत आले. बाबांची आई गेली त्याच हिवाळ्यात तू जन्मलीस आणि तिचं नाव तुला मिळालं, म्हणून आईला तू सासूबाई आणि बाबांना तू आई. लहानपणी मला तुझा फार मत्सर वाटायचा. बाबा समुद्राच्या बर्फावर निघाले की दारात थांबून तुला विचारायचे, "आई, जाऊ का?" आणि दुधाचे दात पडलेली तू कमरेवर हात ठेवून परवानगी द्यायचीस. मला कुणी काही विचारत नसे. माझ्या नावाची बाई ही आईची लांबची मावशी, तिला उभ्या आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. कांगार्सुकला एनोककडं शिकारीला गेले, बर्फाची कड तुटली आणि त्यांना घेऊन गेली, सापडले नाहीत. एवढंच रेडिओवरून कळलं आणि एवढंच आपण एकमेकींना सांगत आलो. आता अक्कालुक हे नाव पोरीला देऊन त्यांना घरी आणायची वेळ झाली आहे. पाद्रीबाबा इस्टरनंतर बाप्तिस्मा घालतो म्हणतात. तू फक्त हो म्हण.

म्युझियमचं तुझं काम चालू राहू दे, त्याला कुणी आडवं येत नाही. बर्फ काही कुठं जात नाही असं लिहिणार होते, पण आपल्या घरात ते लिहिणं बरं दिसत नाही.

तुझी
तबिता

---

उपरनाविक, २९ मार्च

प्रिय तबिता,

नाही.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. पण मग तू पाकीट चुलीत घातलं असतंस आणि मला पुन्हा लिहिलं नसतंस, म्हणून पुढं लिहिते.

नाव मेलेल्या माणसाचं देतात. बाबा मेलेले कुणी पाहिले? आजोबांचा भाऊ असाच बर्फाच्या तुकड्यावर बसून वाहत गेला होता, ही गोष्ट बाबांनीच आपल्याला शंभरदा सांगितली आहे. तो दुसऱ्या किनाऱ्याला लागला, पक्ष्यांची अंडी खाऊन राहिला आणि उन्हाळ्यात दाढी वाढवून घरी आला. तोवर त्याचं नाव कुणाला दिलं असतं, तर दारातून आत आल्यावर त्याला पाळण्यात स्वतःलाच बघावं लागलं असतं. एका घरात दोन अक्कालुक झाल्यावर आई कोणाला जेवायला वाढणार, ते तिला विचार.

पोरीला तोवर मालेने म्हणा. आईच्या आईचं नाव चांगलं आहे, ती बाई शांत होती.

माझं बरं चाललं आहे. म्युझियमला उमानाकपासून वर उत्तरेचा सगळा किनारा हवा आहे, भूशिरं, अडकलेले हिमनग, बर्फाची कड, सगळं. त्यासाठी नूकहून मोठा कॅमेरा दिला आहे. त्याची तिकाटी इतकी जड आहे, की कुत्रे माझ्याकडं वळून वळून बघतात. थंडीचं कामच वेगळं आहे. फिल्म जोरात गुंडाळली तर तिचा तुकडा पडतो, आणि तुकडा नाही पडला तर ठिणगी उडून तिच्यावर विजेसारख्या फांद्या उमटतात. म्हणून एक एक फोटो अगदी सावकाश पुढं सरकवायचा. बॅटरी काखेत ठेवते. श्वास भिंगावर गेला की बर्फ धरतं, म्हणून फोटो घेताना श्वास रोखायचा. कॅमेरा घरात आणायचा नाही, तो बाहेर पडवीत सुक्या माशांबरोबर झोपतो. एकदा विसरून आत आणला, तर आतून बाहेरून घामेजला आणि दोन दिवस रुसून बसला.

उजेडावर तर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. उजेड मोजायच्या मापकाचं ऐकलं तर बर्फ राखेसारखा करडा येतो. त्याला पांढरा बघायचं असेल तर मापक सांगेल त्याच्याहून जास्त उजेड आत घ्यावा लागतो. हे मला कुणी शिकवलं नाही, तीन डझन फोटो वाया घालवून शिकले.

इथल्या शाळेत फोटो धुवायची खोली आहे. शाळामास्तर चांगला आहे, फोटो बारकाईनं बघायला भिंगही देतो. झालेले फोटो वेगळ्या पुडक्यात तुझ्याकडं पाठवते, कोरड्या जागी ठेव. पुढचं जहाज आलं की नूकला पाठवू. इथून मी वर कांगार्सुकला जाते आहे. कड तिथं जवळ आहे, एवढ्यासाठीच.

पोरीचा मुका घे. मालेनेचा.

पिपालुक

---

उमानाक, १० एप्रिल

प्रिय आजी,

मालेने करून बघितलं. आईनं सबंध दिवस तिला आपली आई समजून लाडीगोडी लावली. पोरगी निळी पडेपर्यंत रडली. मग शेजारच्या रेगिनेनं आपल्या नवऱ्याचं नाव पुढं केलं. म्हातारा गेल्यापासून ती ते घेऊन घरोघरी फिरते आहे, पण त्याचा स्वभाव सगळ्या गावाला ठाऊक असल्यामुळे कुणी घेत नाही. आईनं हसून टाळलं. बाबा गेल्यापासून ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली, म्हणून तुला सांगितलं.

तुझं पुडकं पोचलं. कोरड्या जागी ठेवायच्या आधी मी उघडलं. तू उघडू नको म्हणाली नव्हतीस.

मी कोळंबीच्या कारखान्यात काम करणारी बाई, मला फोटोतलं काही कळत नाही. पण बाबा जायच्या आधीचे तुझे फोटो नूकला भिंतीवर लावले होते, ते मी पाहिले आहेत. त्यात अर्ध्याहून जास्त आकाश असायचं. हिमनगामागून उजेड यायचा आणि बाबा म्हणायचे, आपल्या आईनं हा बर्फ पेटवला बघ. आता हे फोटो. आई स्वयंपाकघरात होती, मी पलंगावर सगळे मांडले. यात आकाशच नाही. सगळे खाली वाकून काढलेले. पाण्याला लागलेल्या दगडांची रांग, मग पुढची रांग, मग तिच्यापुढची, प्रत्येकाची कड मागच्याला जोडून. वाहत्या बर्फाचे तुकडे, तेही एक एक करून. एकही हिमनग पुरता नाही, त्याचा नुसता पायथा. असले फोटो कुठलं म्युझियम भिंतीवर लावेल?

मला वाटत होतं, तुला आमच्यापेक्षा तुझं नाव मोठं करायचं आहे. गेलं वर्षभर मी हेच समजत होते, आणि कारखान्यात बायकांना बोलूनही दाखवलं. ते चुकलं. तू फोटो काढतच नाहीस. तू बाबांना शोधते आहेस. म्हणून भिंग घेतलं आहेस.

आईला मी हे सांगितलेलं नाही. फोटो गोळा केले आणि कपाटावर ठेवले. आजी, मला कळतं आहे तुझं. पण तू जेवढे दिवस शोधशील तेवढे दिवस ते हरवलेलेच राहतील, आणि इथं माझ्या मांडीवर कुणीतरी सापडायला तयार होऊन रडतं आहे.

तबिता

---

कांगार्सुक, २५ एप्रिल

प्रिय तबिता,

बरं. शोधते आहे. आता तुला कळलंच आहे तर लपवत नाही. म्युझियमला मी किनारा देईन म्हणून कबूल केलं आहे आणि देणार आहे, पण ते नंतर. तेव्हा बाबांना शोधायला आलेलं हेलिकॉप्टर वरून घाईनं गेलं. मी पायथ्यापासून बघते आहे, एकही दगड सोडत नाही. जिथपर्यंत वाहता बर्फ लागू शकतो तिथपर्यंतचा प्रत्येक खडक माझ्याकडं फिल्मवर आहे.

आणि मला सापडलं आहे. भूशिरावरून लांबच्या भिंगानं पश्चिमेच्या बेटाचा किनारा घेतला होता. मास्तरानं उपरनाविकहून धुवून पाठवला. त्यात दोन दगडांच्या मध्ये काळं लांबट काहीतरी आहे आणि त्याला वर दोन रेघा आहेत. उलटी पडलेली बर्फगाडी, तळाच्या दोन लाकडी घसरपट्ट्या, म्हणजे धावा, वर आलेली, अशीच दिसते. मी भिंगाखाली इतक्या वेळा बघितलं, की कागद तिथं मऊ झाला. सोमवारी वारा पडला की निघते. एनोक गाडी हाकणार आहे.

एनोककडंच उतरले आहे. बाबांचा सोबती म्हणजे कुणी म्हातारा असेल असं मला वाटत होतं. तो आपल्या वयाचा आहे, त्याची बायको बिबियाने तुझ्याच वयाची. मी दारातून आत आले, टोपीसुद्धा काढली नव्हती, तर तिनं पाळण्यातून दहा-अकरा महिन्यांचं गुबगुबीत पोर उचललं आणि माझ्यापुढं धरलं. म्हणाली, "घ्या आजी, तुमचा मुलगा."

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. तबिता, यांनी त्याचं नाव अक्कालुक ठेवलं आहे. मागच्या वर्षी, बर्फ तुटल्यावर दोन आठवड्यांत पोर जन्मलं आणि यांनी नाव देऊनही टाकलं. कुणाला विचारलं, म्हणून मी विचारलं. बिबियाने पाळण्यातलं पांघरूण नीट करायला लागली. एनोक कुत्र्यांना घालायला म्हणून बाहेर गेला. कुत्र्यांना घालून झालं होतं, मी येताना पाहिलं होतं. पोर माझ्या टोपीची नाडी ओढून हसत होतं. हातात कॅमेरा आहे असं सांगून मी ते परत दिलं. हातात कॅमेरा नव्हता.

मला इतका राग आला आहे, की त्यांच्या घरचं नरव्हेल देवमाशाचं मत्ताक, ते ताजं चरबीदार कातडं, मी चवीनं खाऊ शकत नाही, आणि तुला माहीत आहे मला ते किती आवडतं. वस्तीतली माणसं त्या पोरासाठी काही ना काही घेऊन येतात. एक म्हातारा रोज येतो, त्याला अक्कालुक म्हणून हाक मारतो, मागच्या शिकारीच्या गप्पा सांगतो आणि मला नमस्कार करून जातो. सगळी वस्ती मला आजी म्हणते. एवढा मान देतात आणि एवढी मोठी गोष्ट मला न विचारता करतात.

एनोक चांगला हाकतो. कमी बोलतो. मी कॅमेरा लावते तेव्हा तो कुत्र्यांना बसवून माझ्या मागं उभा राहतो, आणि मी वळले की काहीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखा दिसतो. मग मी पुन्हा कॅमेऱ्यात बघते.

पोरीचं वजन किती झालं, ते तू लिहिलं नाहीस.

पिपालुक

---

उमानाक, ८ मे

आजी,

वजन मी मुद्दामच लिहिलं नव्हतं. वाढत नाही. नर्सनं दोनदा तोलून बघितलं. पुढच्या आठवड्यात असंच राहिलं तर इलुलिसातच्या मोठ्या दवाखान्यात नेऊ म्हणते. न्यायचं तर नेईन, मी काही नर्सशी भांडत नाही. तिनं सांगितलेली सगळी औषधं देते आहे.

आईला मी शेवटी सगळं सांगितलं. कपाटावरचे फोटोही दाखवले. तिनं एक एक फोटो उजेडात धरून बघितला आणि परत नीट लावून ठेवला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "सासूबाईंना लिही. मुलगा त्यांचा आहे, त्यांनी हवं तितकं शोधावं. पण माझा नवरा बाहेर बर्फावर आहे आणि मला तो घरात हवा आहे."

मी जसंच्या तसं लिहिलं आहे.

आता माझं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात दगड आहेत, भिंग आहे, मत्ताक आहे. बाबांच्या सोबत त्या दिवशी जो एकमेव माणूस होता, त्याच्या घरात तू राहते आहेस, त्याच्या गाडीत बसते आहेस, त्याच्या हातचा चहा पिते आहेस. तू त्याला काय झालं ते विचारलंस का?

नसशील विचारलं. तू लहानपणापासून सगळ्यांना परवानगी देत आलीस आणि स्वतःला कधी कुणाला विचारावं लागलं नाही, म्हणून तुला ते जमत नाही. जमव. मी इथून येऊ शकत नाही, नाहीतर मी विचारलं असतं. विचार, आणि काय असेल ते मला लिही. मग नाही म्हणालीस तरी चालेल, मी पाद्रीबाबांना दुसरं नाव सांगेन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही.

तबिता

---

कांगार्सुक, २२ मे

प्रिय तबिता,

तुझं पत्र मी निघायच्या सकाळी आलं. वारा पडत नव्हता, म्हणून सोमवार पुढं पुढं जात होता. वाचून चिडले आणि खिशात घालून निघाले.

बेटावर पोचलो. ते झाड होतं. कुठून तरी, सैबेरियातून म्हणे, वर्षानुवर्षं वाहत आलेला आख्खा ओंडका, मुळांसकट. दोन जाड मुळं वर आली होती, त्याच माझ्या दोन रेघा. मी तिथं उभी राहिले. एनोकनं ओंडक्यावर हात फिरवला, ठोकून बघितला आणि त्याचा चेहरा उजळला. इतकं चांगलं लाकूड किनाऱ्याला लागलं म्हणजे गाडीच्या धावांची सोय झाली. मग माझ्याकडं बघून त्यानं हात काढून घेतला. मी म्हटलं, घे की, झाड कुणाला विचारून वाहत येतं का. त्यानं कुऱ्हाड काढली नाही.

परत येताना कडेवर थांबलो, जिथं घट्ट बर्फ संपतो आणि काळं पाणी सुरू होतं तिथं. मी तिकाटी लावली. सवयीनं खाली वाकले आणि भिंगातून पाण्याची रेघ बघायला लागले. एनोक मागं चहासाठी बर्फ वितळवत होता. मी वळून बघितलं नाही. कॅमेऱ्यात डोळा ठेवूनच विचारलं, त्या दिवशी काय झालं म्हणून. तोंडातून शब्द बाहेर पडायला किती त्रास झाला ते तुला सांगत नाही, तू बरोबर लिहिलं होतंस एवढंच सांगते.

त्यानं चूल बंद केली. म्हणाला, तुम्ही आल्या दिवसापासून वाट बघतो आहे. अशी गोष्ट रेडिओवरून सांगायची नसते, आणि आईनं विचारल्याशिवाय आईला सांगायची नसते. म्हणून तो थांबला होता, आणि मी त्याला थांबवत होते.

आता नीट वाच, आणि आईला तू वाचून दाखव. तिला एकटीला वाचायला देऊ नकोस.

धुकं नव्हतं. ऊन होतं. वारा जमिनीकडून सुटला आणि कडेला समांतर भेग पडली. एनोक अलीकडं होता, बाबा पलीकडं, गाडी आणि कुत्र्यांसकट. भेग तेव्हा एका उडीची होती. एनोकनं हाक मारली. बाबांनी बघितलं, अंदाज घेतला आणि मागं फिरले. कुत्रे गाडीला बांधलेले होते. बांधलेले कुत्रे पाण्यात पडले की एकमेकांना घेऊन बुडतात, तुला माहीत आहे. बाबांनी सुरी काढून एक एक दोर कापला. कुत्रे उड्या मारून अलीकडं आले, एक सोडून सगळे. ते होईपर्यंत भेग कुणालाही उडी मारता येणार नाही एवढी झाली होती.

मग ते गाडीवर बसले आणि पाइप पेटवला. एनोक कडेकडेनं त्यांच्या बरोबर चालत राहिला. बोलणं ऐकू येत होतं. बाबांनी त्याला कुत्र्यांबद्दल सांगितलं, कोणता लंगडतो आणि कोणाला पुढं जुंपायचं नाही. पाणी मोठं झालं तशा लाटा आल्या. लाटांनी तुकडा मधून मोडला, मग अर्धा पुन्हा मोडला. एनोकनं शेवटपर्यंत पाहिलं आहे. त्यानं मला सगळं सांगितलं आणि मी सगळं ऐकलं, ते मी लिहीत नाही. घरी आले की तोंडानं सांगेन. बाबा गेले, तबिता. ते कुठल्याही किनाऱ्याला लागलेले नाहीत.

गाडीवरून त्यांनी शेवटी ओरडून एनोकला सांगितलं, "आईला सांग, हातमोजे घातले आहेत."

एनोकला त्याचा अर्थ कळला नव्हता. वर्षभर तो ते तसंच जपून होता. तुलाही आठवत नसेल, तू फार लहान होतीस. बाबा निघताना मी त्यांचे हात तपासायची. हातमोजे नसले तर परवानगी नाही. ते दोन्ही पंजे माझ्या नाकापुढं नाचवायचे आणि मी फार गंभीरपणे मान हलवायची. मी तिथं बर्फावर बसून रडले, आणि रडताना मला हसूही आलं. एनोकनं माझ्याकडं पाठ केली आणि कुत्र्यांशी बोलत राहिला.

मग मी त्याला विचारलं, की एवढे रीतभात पाळणारे तुम्ही, नाव तेवढं मला न विचारता कसं ठेवलं? त्यानं एका कुत्र्याचा गुंतलेला दोर सोडवला. म्हणाला, त्याचं आणि बिबियानेचं पोर जन्मलं तेही रडत होतं. त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं, त्यामुळे नाव मोकळं आहे हे त्याला ठाऊक होतं. माणसाला इतके दिवस बाहेर थंडीत ठेवणं त्याच्यानं झालं नाही. तुम्ही रागवाल हे माहीत होतं, म्हणाला. मग विचारलं, "रागावलात का, आजी?"

मी म्हटलं, हो, रागावले आहे, आणि आता ते झाड तोडून आण.

उठून तिकाटी उंच केली आणि कडेचा फोटो घेतला. वरती आकाश येऊ दिलं. मापक सांगत होता त्याच्याहून जास्त उजेड घेतला. काढताना त्यात कुठलाही ठिपका शोधला नाही. तो फोटो म्युझियमला देईन. मास्तराचं भिंग परत पाठवते आहे. किनारा मात्र मी सोडणार नाही. कड फुटायच्या आत वरच्या हिमनदीपर्यंत जाऊन येणार आहे, काम अंगावर घेतलं आहे ते पुरं करणार आणि जुलैच्या जहाजानं घरी येणार. काल कडेवरून इथं परतल्यावर बिबियानेकडून तिच्या अक्कालुकला मागून घेतलं. एक नाव दोन घरांत राहिलं तर कमी पडत नाही. त्यानं माझ्या अंगावर ओकारी केली.

पोरीला नाव द्या. पाद्रीबाबांना सांग, अक्कालुकच्या आईची हरकत नाही. सोबत एक चिठ्ठी जोडली आहे. ती तुझ्यासाठी नाही, पोरीला वाचून दाखव. तिच्या कानाजवळ, सावकाश.

पिपालुक

---

कांगार्सुक, २२ मे

अक्कालुक,

तू मला न विचारता गेलास. मी नूकला होते हे काही कारण नाही, टेलिफोन करता आला असता. वर्षभर मी तुझ्या मागं सगळा किनारा पालथा घातला. माझी बोटं दोनदा गोठली. मी तुझ्यावर फार रागावले होते, आणि अजून थोडी रागावलेली आहे, हे तुला माहीत असावं.

कुत्रे सोडवलेस ते बरोबर केलंस. मी तिथं असते तर उडी मार म्हणून ओरडले असते, आणि तू ऐकलं नसतंस.

आता घर ओळखून घे. जी तुला दूध पाजते आहे ती तबिता. तिला तू खांद्यावर घेऊन गावभर फिरला होतास, आता ती तुला घेऊन फिरेल. ती टोचून बोलते, पण तिच्यामुळे तू घरात आला आहेस, म्हणून तिचं ऐकायचं. खिडकीशी बसून जी तुझ्याकडं बघते आहे आणि काही बोलत नाही, ती तुझी बायको. ती वर्षभर एकटी होती. तिच्याकडं जा, तिच्या मांडीवर झोप, तिला झोपवल्याशिवाय उठू नकोस.

या वेळी तू मुलगी झाला आहेस. छान केलंस. मोठी झालीस की बर्फावर जाशीलच, मी अडवणार नाही, फक्त दारात थांबून विचारायचं.

मी जुलैत येते. तोवर पोटभर दूध पी.

तुझी आई
पिपालुक